गोड बोलणाऱ्याची साक्ष चालत नाही

अशोक,

तुला मारायचा हक्क माझा होता. इतकी वर्षं मी सगळ्या टेकडीला सांगत आलो की या माणसाला एक दिवस मी आडवा करणार. आणि तू काय केलंस? नाक्यावरच्या सलूनमध्ये, एका गालाची दाढी झालेली आणि दुसऱ्या गालाला साबण, अशा अवस्थेत खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकलीस. ना आरडाओरडा, ना झटापट. निरोप आला तेव्हा मी गोडाऊनमध्ये एका साखरपुड्याच्या मांडवाची घासाघीस करत होतो. हातातला वासा मी समोरच्या ट्यूबलाइटवर फेकला. काचा गिऱ्हाइकाच्या अंगावर पडल्या आणि ते पळालं. दुःख झालं की लोक रडतात म्हणे. मला आधी काहीतरी फोडावं लागतं. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुझा पुढचा दातच माझ्या हातून गेला होता.

आता जो उठतो तो तुझ्याबद्दल गोड बोलतोय. देवमाणूस, संतमाणूस, अजातशत्रू. अजातशत्रू! मग मी कोण होतो? विक्रोळीत तुझा एक तरी शत्रू मी नीट, मेहनतीनं, सणवार न पाळता सांभाळला होता. त्याची कुणी दखलच घेत नाही. म्हणून लिहायला बसलोय. तूच म्हणायचास ना, गोड बोलणाऱ्याची साक्ष चालत नाही.

बाहेरच्या माणसाला तुझा बिल्ला समजावताना माझी वाट लागते. लोकांना वाटतं दहावी-बारावीच्या गुणगौरवासारखं असेल. नेत्याचा फ्लेक्स, पोरांच्या हातात सोनेरी प्लास्टिकची ट्रॉफी, फोटो, वडापाव, घरी. तसल्या कार्यक्रमांचे मांडव घालूनच मी मोठा झालो. दुसऱ्याचे वासे खांद्यावर वाहत होतो, खांद्याची सालपटं निघायची. आज माझं गोडाऊन आहे, टेम्पो आहे, भोंगे आहेत. त्यामुळे मला माहीत आहे, त्या ट्रॉफ्या पुढच्या दिवाळीला माळ्यावर जातात. तुझा बिल्ला पितळेचा होता. कंपनीतून निवृत्त झाल्यावर तू स्वतः कापायचास, कानशीनं घासायचास. चौदा ते अठरा वयाच्या पोरांनी वर्षभरात एखादं हाताचं काम शिकायचं, दुसऱ्या कुणासाठी तरी एक काम नेमानं करायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून विक्रोळीपासून आरेच्या जंगलातून वर्सोव्याच्या समुद्रापर्यंत चालत जायचं. इथवर ठीक. असं कुणीही करेल.

पण मग साक्ष. आईबापांची नाही, दोस्ताची नाही, शाळेतल्या बाईंची नाही. ज्याचं त्या पोराशी पटत नाही, त्यानंच स्टेजवर चढायचं आणि वर्षभरात स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलं ते माईकवर सांगायचं. ते ऐकून तू ठरवायचास, बिल्ला की पुढच्या वर्षी परत.

हे तुला सुचलं ते आपल्या टेकडीमुळे. वर आमची कोकणातल्यांची चाळ, खाली नाल्याकडे तुमची वस्ती. मधल्या पायऱ्यांवर दर सणाला पोरांची डोकी फुटायची. पट्टे, सोड्याच्या बाटल्या, एकदा तर माझ्याच मांडवाच्या लोखंडी खुंट्या. तू वरच्या पोराला खालच्याची साक्ष लावलीस आणि खालच्याला वरच्याची. पोरं वर्षभर एकमेकांवर डोळा ठेवून बसायची. मारामारीला वेळच उरेना.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "येडा आहेस काय? दुश्मन खोटं बोलणार."

"बोलेल. पण तो बघतो तरी, संज्या. आपली माणसं आपल्याकडे बघतात कुठे?"

वाक्य चांगलं होतं. स्टेज मी तुला फुकट बांधून दिलं ते त्या वाक्यामुळे. मी कधी कुणाला काही फुकट दिलेलं नाही. बघ मला काय मिळालं ते.

माझी प्राची सोळा वर्षांची होती. मांडवाची सगळी वायरिंग शिकली, शॉक खात शिकली. खालच्या वस्तीतल्या म्हातारीला रोज दवाखान्यात नेलं. चालली. समुद्राला सगळ्यात आधी तिचा हात लागला. निघताना मीच सांगितलं होतं, पहिली ये. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही; दुसरा आलेल्याला या शहरात कोण विचारतं? तिची साक्ष होती सुजाताकडे, तुमच्या वस्तीतली. दोघींचं कबड्डीवरून हाडवैर. सुजाताचं गळ्याजवळचं हाड प्राचीच्या पकडीत मोडलं होतं.

सुजाता स्टेजवर आली. बारीक, काळीसावळी, माईक तिच्या तोंडापेक्षा उंच. तू माईक खाली केलास आणि नेहमीचं वाक्य म्हणालास, "बघितलंस ते बोल."

"प्राची वायरिंग शिकली, मी बघितलं. म्हातारीला रोज नेलं, मी बघितलं." मग ती थांबली. "आरेत गोठ्यांच्या पुढे आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराचा पाय मुरगळला. तो ओरडला, ताई थांब. तिनं मागे वळून बघितलं. आणि ती पुढे गेली."

प्राचीनं मान खाली घातली. म्हणजे खरं होतं. मला कुणी समजवायची गरज नव्हती. पण अशोक, भोंगे माझे होते. मी स्वतः चढून बांधलेले, पार हायवेपर्यंत ऐकू जातील असे. माझी पोर माझ्याच भोंग्यांवरून सगळ्या विक्रोळीसमोर सोलून निघाली. आणि तू माईक घेऊन म्हणालास, "प्राची, पुढच्या वर्षी परत चाल."

मी स्टेजच्या मागे होतो. पहिली सुतळी सोडली तेव्हा कनात पडली, दुसरी सोडली तेव्हा कमान. बाया पोरांना घेऊन पळाल्या. मी वर चढून तुझ्या तोंडावर अशी ठेवून दिली की दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. आणि तू, देवमाणूस, तू काय केलंस? चष्मा काढून खिशात ठेवलास, शांतपणे, आणि माझं नाक मोडलंस. आवाज माईकवर आला. कट्ट. टेकडीवरच्या पोरांनी त्यावर शिट्ट्या मारल्या.

मग दोघं एकाच रिक्षात, पालिकेच्या इस्पितळात. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "भाईसाब, सीट पे खून मत गिराओ."

"गप चालव," आपण दोघंही एकदम ओरडलो.

तू रुमालात दात धरून बसला होतास. म्हणालास, "पोरगी चांगली आहे तुझी."

"मग बिल्ला दे."

"तिला कळलंय काय झालं ते. तुला नाही कळलं."

"मला एवढं कळलं की सोळा वर्षांच्या पोरीला तू चौकात उभी केलीस. खरं होतं म्हणून काय झालं? खरं बाजूला घेऊन सांगता येत नाही?"

तू रुमालातला दात उलटासुलटा करून बघितलास. मग म्हणालास, "तू भोंगे जरा कमी लावायचे होतेस."

मी तुला त्या रिक्षातच परत मारलं. तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं विचारलं, तुमचं एकमेकांशी नातं काय? तू म्हणालास, "स्टेजचं."

या प्रश्नाचं उत्तर मात्र तू मला कधी दिलं नाहीस. खरं बाजूला घेऊन सांगता येत नाही का? दरवेळी काहीतरी विनोद करून सटकलास. प्राचीला मी परत चालू दिलं नाही. ती रडली, भांडली, पण मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून जा. ती अठराची झाली, वय निघून गेलं.

आणि मी तुझ्यावर डोळा ठेवला. तुझ्याच नियमानं. तुला कुठेतरी पकडायचं म्हणून पुढच्या वर्षीच्या चालण्याला मी स्कूटर घेऊन मागे मागे आलो. तुला वाटलं मी पाणी घेऊन आलोय. पाणीही होतं, पण आलो होतो तुझी चूक बघायला.

आणि मिळाली. आरेत, गोठ्यांच्या वळणावर, नेमकी तिथेच. नित्या म्हणून वरच्या चाळीतलं आडदांड पोर होतं. कुणीतरी त्याच्या बापाच्या दारूवरून बोललं. नित्यानं त्या पोराला रस्त्यावर पाडलं, छातीवर बसला आणि पाण्याची स्टीलची बाटली त्याच्या तोंडावर हाणायला लागला. एक, दोन, मोजायला कोण थांबतंय. कपाळ फुटलं. तू धावलास, नित्याला मागून उचललंस, त्याचं कोपर तुझ्या तोंडावर बसलं. त्याच दाताच्या जागी. आणि तू त्याला कानफटात मारलीस. साधी नाही. पोर गोल फिरून गवतात पडलं. गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या.

मी झाडामागून मनात म्हटलं, सापडलास. कारण बरोबर चालणाऱ्यावर हात उचलायचा नाही, उचलला तर बिल्ला गेला, हा नियम तुझाच. तुझ्या छातीवर तू कापलेला पहिला बिल्ला होता, काळा पडलेला. तू स्वतःच्या हाताकडे बघत राहिलास, दुसऱ्याचा असल्यासारखा. मग नित्याला उठवलंस, त्याचा गाल चोळलास. बिल्ला काढून रस्त्याच्या कडेला ठेवलास आणि म्हणालास, "माझा गेला. आता मीही पहिल्यापासून."

पोरं पुढे गेली. बिल्ला मी उचलला. माझ्या गोडाऊनमध्ये खिळ्याला लावून ठेवला.

मी तुला विचारलं होतं, मग माझ्यावर हात टाकलास तेव्हा का नाही काढलास? तू म्हणालास, "तू कुठे बरोबर चालत होतास? तू आडवा आला होतास."

त्यानंतर तू खरोखर वर्ष भरलंस, पोरांसारखं. घरीच, सुनंदावहिनींकडून शिलाई मशीन शिकलास. तू शिवलेल्या पिशव्यांचे बंद पवईला पोचायच्या आत तुटायचे. एका आंधळ्या म्हाताऱ्याला रोज पेपर वाचून दाखवलास, तोही मोठ्यानं, शेजारच्यांना झोपू न देता. चाललास. आणि समारंभाला माझ्या स्टेजवर उभा राहून विचारलंस, "माझी साक्ष कोण देणार?"

सगळा मांडव उभा राहिला. "आम्ही देतो दादा!"

"तुमची चालत नाही. नित्या?"

नित्या उठला. लाजत म्हणाला, "दादा, मला आता तुमचा राग नाय ना येत."

सगळे हसले. तूही हसलास, पण तुझी पंचाईत झाली होती. सबंध विक्रोळीत माझ्याशिवाय तुझं कुणाशी वाकडं नव्हतं. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी खांबाला टेकून उभा होतो.

मी म्हटलं, "देतो ना. आधी प्राचीचा बिल्ला."

"हा बाजार नाही, संज्या."

"सगळा बाजारच आहे. माझा माल घे, तुझा दे."

तू मान हलवलीस. तो सौदा वाजवी होता असं मी अजून म्हणतो. पण तू नाही म्हणालास आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सुरू केलंस. मग ते दरवर्षीचंच झालं. समारंभाच्या शेवटी तू विचारायचास, मी म्हणायचो "प्राची?", तू मान हलवायचास आणि पोरं टाळ्या वाजवायची. नवी पोरं तर त्यासाठीच थांबायची. प्राची वैतागून म्हणायची, "बाबा, मी लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर झाले. मला तो बिल्ला नकोय. तुम्ही दोघं माझ्या नावानं खेळताय." मी तिला म्हणायचो, तू मध्ये पडू नकोस.

गेल्या खेपेला पवईच्या चढावर तू थांबलास. हात छातीवर, ओठ पांढरे. पोरं पुढे होती. मी स्कूटर बाजूला घेतली.

"बस मागे."

"बसलो तर साक्षीत सांगशील."

"सांगणारच."

"मग नाही बसत."

"मरशील मेल्या!"

"मग तर तुला सांगावंच लागेल," म्हणालास, आणि चालायला लागलास. मी स्कूटर ढकलत तुझ्या मागे आलो. तुला शिव्या घालत, पार आरेच्या नाक्यापर्यंत. तू एकदाही वळून बघितलं नाहीस. पुढे एक मुलगी लंगडत होती, तिच्या चालीनं चाललास.

परवा स्मशानात सगळी टेकडी होती. वरची आणि खालची, कुणालाही पायऱ्यांवर अडवलं नाही. खांदा द्यायला नित्या पुढे होता, आता त्याला मिशा आहेत. दुसऱ्या गालाची दाढी कुणीतरी घरी पुरी केली होती, घाईत, कानापाशी कापलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं. मग अग्नी देण्याआधी श्रद्धांजल्या. आपल्या भागातला एक पुढारी उठला. नाव घेत नाही, त्याला तेवढंही द्यायचं नाही. स्मशानातला माईकही माझाच होता. तो म्हणाला, अशोकरावांचं कार्य आता आमचं प्रतिष्ठान पुढे नेईल. भव्य सोहळा, प्रत्येक सहभागी मुलाला ट्रॉफी. "आणि ती साक्षीची प्रथा आपण बंद करू या. चारचौघांत कोवळ्या मुलांचा अपमान होतो."

अशोक, ते माझं वाक्य होतं. शब्दन् शब्द माझा. त्यासाठी मी नाक मोडून घेतलं, दात पाडला, पोरीशी भांडलो, तुझ्यासारख्या माणसाशी इतकी वर्षं वैर धरलं. आणि हा खादीवाला ते फुकटात उचलून चालला होता! आपल्या भांडणात याला कुणी बोलावलं?

मी माईक ओढला. त्यानं सोडला नाही, म्हणून त्याच्यासकट ओढला. तो तुझ्या लाकडांच्या ढिगावर जाऊन पडला. त्याची माणसं माझ्या अंगावर आली. एकानं माझा सदरा फाडला, दुसऱ्यानं गळा धरला, मी त्याच्या हाताला चावलो. नित्यानं एकाला कमरेला धरून बाजूला ठेवला, फुलदाणी ठेवावी तसा. सुनंदावहिनी तुझ्या डोक्यापाशी उभ्या होत्या, त्या एकदम कडाडल्या, "सोडा त्याला! बोलू दे. त्याचंच बोलायचं राहिलंय."

मग मी बोललो.

"मी संजय, मांडववाला. याचं आणि माझं कधी पटलं नाही. माझं नाक यानं मोडलं. म्हणून साक्ष माझी. यानं बरोबर चालणाऱ्या पोराला कानफटात मारली. तुम्ही ज्याला देवमाणूस म्हणताय, त्यानं. पोर गवतात पडलं, मी बघितलं. त्या वर्षी याचा बिल्ला गेला. त्यानंतर हा दरवर्षी शिकला. शिवण शिकला, वाईट शिकला. आंधळ्याला पेपर वाचून दाखवला. चालला. छातीत कळ आली तरी स्कूटरवर बसला नाही. कुणाला मागे टाकलं नाही. मी मागे होतो, मी बघितलं."

भोंगे मी नेहमीसारखेच लावले होते. हायवेपर्यंत गेलं असेल.

नित्या गालाला हात लावून उभा होता. सुजाता पुढे आली. आता पोरांना तीच तयार करते. तुझ्यासारखाच चष्मा कपाळावर. तिनं मला विचारलं, "काका, बघितलंत तेच बोललात?"

"तेच."

"साक्ष मान्य."

बिल्ला माझ्या खिशात होता. सकाळी खिळ्यावरून काढताना का काढतोय ते मला माहीत नव्हतं. तुझ्या अंगावरच्या पांढऱ्या चादरीला लावला. टाचणी माझ्या अंगठ्यात घुसली, चादरीला रक्ताचा डाग पडला. असू दे. तुझं-माझं जे काही झालं, त्यात रक्त नाही असं कधी झालंय?

पुढारी धूळ झटकत गेला. येत्या चालण्याला सुजाता पोरांच्या पुढे असेल. आणि प्राची आज सकाळी बूट घासत बसली होती. म्हटलं, कुठे? म्हणाली, "मी सगळ्यात मागे चालणार. शेवटचं पोर पोचेपर्यंत. तुमचा बिल्ला नको, साक्षही नको." मी घरातलं काही फोडलं नाही.

सौदा माझा बुडाला. तुला तुझा बिल्ला मिळाला, माझ्या पोरीला नाही. आणि माझा प्रश्न तसाच राहिला, म्हणून शेवटचा विचारतो. परवा मी तुझी ती कानफटात सगळ्या विक्रोळीला सांगितली. भोंग्यावरून. तुझी बायको समोर, पोरं समोर, तू मधोमध आडवा. खरंच सांगितलं. आता बोल, अशोक, कसं वाटलं?

बोल ना.

नाही ना येत बोलता? त्या दिवशी प्राचीलाही आलं नव्हतं.